जामीन

वडील शेवटपर्यंत विचारत राहिले,
'पण तू नेमकं करतेस काय गं तिथे?'
मामेबहीण नर्स, तिचं त्यांना कळायचं.
भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, तेही.
माझ्या ओळखपत्रावर 'विकास अधिकारी',
आणि विकास त्यांच्या लेखी
कायम दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा.

पतपेढी तेव्हा विक्रोळीत, पार्कसाइटच्या चढावर.
खाली चिकनचं दुकान, वर आम्ही.
दुपारी कोंबड्या गप्प झाल्या
की नोटा मोजल्याचं ऐकू यायचं.
कारखानीस साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले,
'कागद खोटं बोलत नाहीत, बाई,
पण सगळं बोलतही नाहीत.
चपला घाला.'

मग चढत राहिले. सूर्यनगर, वर्षानगर,
पुढे नाव नसलेल्या गल्ल्या,
जिथे पायऱ्या खडकातच खोदलेल्या
आणि पत्ता म्हणजे
'निळ्या पिंपाच्या शेजारी, हाक मारा'.

साबिरा अन्सारी पाकिटांना प्लॅस्टिकची खिडकी शिवायची,
नगामागे चाळीस पैसे.
त्या खिडकीत लोक पुढे कुणाचा फोटो ठेवतात
याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.
मशीन हवं होतं. स्वतःचं.
शेठला परत करावं लागणार नाही असं.

आणि कुसुम लोखंडे, घरघंटीसाठी आलेली.
उत्पन्नाचा दाखला होता, रेशनकार्ड होतं,
दोन जामीन नव्हते.
मी नियम वाचून दाखवला. नीट, आवाज न चढवता.
तिने अर्जाची चौघडी घातली, पर्समध्ये ठेवली,
'बरं' म्हणाली.
एवढंच. बरं.

त्यानंतर मी जामीन वेगळ्या तऱ्हेने शोधायला शिकले.
विचारायचे, रात्रपाळी असली की
तुमचं पोर कुणाकडे झोपतं?
सिलिंडर संपला तर कुणाच्या दारात जाता?
ज्यांची नावं यायची त्यांना बोलवायचे,
त्या ओल्या हातांनीच यायच्या,
पदराला हात पुसून सही करायच्या.

साबिराची आता चार मशिनं आहेत,
आणि व्याजदरावरून ती मला आजही झापते.

अण्णाप्पा मेत्रीचं तसं झालं नाही.
लग्नातल्या खुर्च्यांची कव्हरं धुऊन द्यायचा,
मोठा हौद बांधला आमच्या पैशांतून,
आणि त्या वर्षी लग्नंच थांबली.
हौदात डास झाले.
तो दर गुरुवारी यायचा, पन्नास रुपये घेऊन,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून.
पन्नासाची पावती करायला आमचेच जास्त जातात,
मी साहेबांना म्हटलं.
ते चष्मा पुसत राहिले.
'फाडा पावती. माणूस चढ चढून आलाय.'

वडिलांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा
भाऊ सुरतेला, कुठल्याशा अडकलेल्या लिफ्टपाशी.
काउंटरवर म्हणाले, दुसरी सही लागेल.
मी फोनमध्ये नावं खालीवर करत होते
आणि मागून चाकांचा आवाज आला.
चादरींची गाडी ढकलत अण्णाप्पा.
धुण्याचं काम मिळालं होतं त्याला तिथलं.
काही न विचारता त्याने पेन घेतलं.
'नातं' या रकान्यापाशी थांबला.
'काय लिहू, मॅडम?'
मी म्हटलं, गुरुवार.
काउंटरवरची मुलगी हसली नाही.
त्याने 'ओळखीचे' लिहिलं, सावकाश, जोडाक्षर नसूनही अडखळत.

रात्री वडिलांनी विचारलं, 'तो कोण होता?'
'थकबाकीदार.'
बराच वेळ ते छताकडे बघत राहिले.
मग म्हणाले, 'असं होय.'
त्यांना कळलं की गुंगी होती, सांगता येत नाही.

अजून चढते. गुडघे कुरकुरतात.
कुठल्यातरी दाराआडून घरघंटी ऐकू आली
की पाय आपोआप थांबतात,
दारावरची पाटी वाचते.
अजून तरी
दुसऱ्याच कुणाचं नाव.