वाया गेलेली प्रत

फोटो काचेवर ठेवायच्या आधी
मी तो खिडकीशी नेऊन तिरका धरतो.
बोटांचे ठसे, हळदीचा डाग, घडीची रेघ,
यातलं यंत्र काहीच माफ करत नाही.
द्यामण्णा म्हणायचे, त्याला माणूस ओळखू येत नसतो,
त्याला नुसतं काळं आणि पांढरं कळतंय.
मधलं राखाडी तू आणून द्यायचं.

हे मी निपाणीत शिकलो,
चिकोडी रस्त्यावर, कचेरीसमोरच्या गाळ्यात,
जिथं अर्ज कन्नडमधून भरून घेतात
आणि रडगाणं मराठीतून ऐकतात.
तंबाखूची पूड इथं काचेवरसुद्धा बसते.
रोज सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसतो,
तरी दुपारपर्यंत प्रत्येक प्रतीवर
बारीक ठिपके, कुणी शिंकल्यासारखे.

पाठीमागं शिक्का असला तर काळा कागद लावायचा,
नाहीतर स्टुडिओचं नाव गालावर उमटतं.
लाल काळं होतं. कुंकू म्हणजे कपाळाला भोक,
म्हणून त्यावर पांढऱ्या शाईचा अगदी हलका थेंब.
फिकं निळं उडूनच जातं,
शाळेचा सदरा काय, साहेबाची सही काय.
आणि काळ्या पडद्यापुढं काळे केस असले
तर डोकं कुठं संपतं
ते खडूनं सांगावं लागतं.

आक्काताई खोत आल्या सोमवारी, बाजार आटोपून.
पिशवीतून पिशवी, पिशवीतून रुमाल,
रुमालातून भूपाल खोत, वय एकोणतीस,
तवंदीच्या जत्रेत, तंबूतल्या स्टुडिओत काढलेला.
मागं काळा पडदा, अंगात काळा कोट.
"कोट फोटोवाल्याचाच," त्या म्हणाल्या,
"खाली धोतर हाय. ते दिसत न्हाई म्हणून बरं."
वखारीची जुनी बाकी होती, अर्जाला चार प्रती.

पहिली प्रत नुसते डोळे आणि कॉलर.
दुसऱ्या वेळी ठिपक्यांची फिल्म वर घातली,
अंधार फुटला, त्याचे दाणे झाले,
पण केस पडद्यातच राहिले.
तिसऱ्या वेळी माझाच हात चुकला.
खडू जास्त, बटण शेवटच्या घरात.
प्रत गरम बाहेर आली:
केस पांढरे, मिशी पांढरी,
गालांची हाडं वर आलेली.

मी चुरगळणार, तेवढ्यात
"थांब की रे."
कागद दोन्ही हातांत, लांब धरलेला.
रस्त्यावरनं संकेश्वरची बस गेली.
"एवढा झाला असता न्हवं आत्ता."
मग बऱ्याच वेळानं,
"मिशी ठेवू दिली नसती पण मी."

चौथ्या वेळी नीट आला,
तरणाताठा, अर्जाला चालेल असा.
त्या चारी प्रती त्यांनी बघितल्यासुद्धा नाहीत,
मोजून कागदांत घातल्या.
पांढऱ्या केसांचा तेवढा रुमालात गेला,
फोटोच्या पाठीला पाठ लावून.

वाया गेलेल्याचे पैसे घेत नाही, मी म्हटलं.
"फुकट नको मला तो,"
म्हणत त्यांनी रुपया काचेवर ठेवला
आणि पायरी उतरल्या, कठड्याला धरून.

नाणं उचलायचं राहून गेलं.
पुढच्या माणसाच्या रेशनकार्डावर
कुटुंबप्रमुखाच्या जागी
एक काळा गोल आला.
तो भांडला. मी दुसरी काढून दिली.