चार आणि आठ

एंडेलच्या अंगणातल्या बर्फावर
रोज सकाळी एक लांब रेघ असायची,
कुणी पोतं फरफटत नेल्यासारखी,
लाकडांच्या ढिगापासून सौनाच्या दारापर्यंत.
मी खिडकीतून बघायचे.
चोर म्हणावं तर पावलं कुठायत?
रेघेच्या दोन्ही अंगांना नुसते पंजे, वल्ह्यांसारखे.

तो पोंटू होता.
बूड टेकलेलं, मागचे पाय कानांशी,
पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत चाललेला,
चेहरा मात्र पाद्रीबाबांसमोर बसल्यासारखा.

जंत असतील, म्हणाला लेम्बित. गोळ्या झाल्या.
भोपळा घाल, म्हणाली टपालवाली. भोपळाही झाला,
महिनाभर दोघांनी एकाच पातेल्यातला खाल्ला.
एंडेल ओरडला, वर्तमानपत्राची सुरळी उगारून झाली.
खाज का दटावल्यानं जाते?
पोंटू दचकून शेपटीकडे वळून बघायचा,
तिकडून कुणी नावानं हाक मारल्यासारखा.

मग ताल्लिनहून मुलाच्या सासरची आली.
कॉफी, वेलदोड्याचा पाव, कपाटातून काढलेला पांढरा गालिचा.
त्या गालिच्यावरून पोंटू
या टोकापासून त्या टोकापर्यंत
नांगराच्या तासासारखा सरळ गेला.
कुणी काही बोललं नाही.
विहीणबाईंनी फक्त पाव परत बशीत ठेवला.

गुरुवारच्या बोटीनं मारिका आली, जनावरांची डॉक्टर.
म्हणाली, शेपटीखाली दोन पिशव्या असतात,
वाटाण्याएवढ्या. तुंबल्यात बिचाऱ्याच्या.
घड्याळ समजा. एक चारवर, एक आठवर.
खालून वर, हलक्या बोटांनी.
पिळायचं नाही, समजूत काढायची.
रक्त दिसलं तर मात्र हात लावू नका, मला बोलवा.

त्या संध्याकाळी एंडेल माझ्या दारात.
कारखाना बंद पडल्यापासून
कुंपणावरून हवामानाखेरीज शब्द नव्हता आमच्यात.
टोपी हातात घेऊन म्हणाला,
साल्मे, डोकं धरशील का?
क्षणभर मला कळेना, कुणाचं.

तर माझं काम डोक्याकडचं.
पोंटूची हनुवटी माझ्या कोपरात,
त्याचा श्वास माझ्या मनगटावर,
मागे एंडेल, हातमोजे, व्हॅसलिन, जुनं वर्तमानपत्र,
आणि ओठांतल्या ओठांत: चार... चार... आठ.

आणि मग तो वास.

नाक मुठीत धरायला हात मोकळे नव्हते.
सडका मासा, गंजका पत्रा,
त्यावर आणखी काहीतरी, जुनं, ओळखीचं.
माझ्या तोंडून निघून गेलं:
"जुलै. रात्रपाळी. बर्फ संपलाय."

एकोणीस वर्षं आम्ही पट्ट्याच्या दोन बाजूंना उभे होतो,
रबरी एप्रन घालून, डब्यांत स्प्रॅट रचत,
शेपटीला डोकं, डोक्याला शेपटी.
बसमध्ये शेजारी कुणी बसत नसे आमच्या,
म्हणून आम्हीच एकमेकांशेजारी बसायचो.
आता तिथं काचेच्या खिडक्यांची सुट्टीघरं आहेत,
वास नाही कसलाच.

एंडेल हसायला लागला.
हात दूर, हवेत धरलेले,
डोळ्यांतून पाणी, पुसायची सोय नाही.
मी पोंटूचं डोकं सोडलं नाही.
पोंटूनं एक लांब उसासा टाकला
आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायावर
बूड टेकून स्वस्थ बसला.

कायमचं बरं झालं असं नाही.
सहा-सात आठवडे बर्फावर चार पायांचेच ठसे,
मग एखाद्या सकाळी
सौनाच्या दाराशी रेघ दिसते,
आखूड, स्वल्पविरामाएवढी.
मी कॉफी संपवते, खुंटीवरचा जुना एप्रन काढते,
आणि त्यानं दार वाजवायच्या आधीच
बाह्या वर सारून बसते.