दर दहा पावलांनी लंगडी

भाच्यानं सुरतेहून आणली, एसटीत,
आंब्याच्या खोक्यात, वर टॉवेल झाकून.
एवढीशी. वाफेवरून उतरवलेलं फुनकं जसं.
म्हणून नाव फुनकी.

चौथ्या महिन्यात लक्षात आलं:
सात-आठ पावलं नीट,
मग मागचा डावा पाय वर,
दोन उड्या तीन पायांवर,
पाय मागे झटकायचा,
आणि जसं काही झालंच नाही.
गल्ली नंबर सहातली पोरं म्हणाली,
खैरनार काका, ही लंगडी खेळते.
पोरं हसली. मीही हसलो.
सून हसली नाही.

देवपुरात सैंदाणे डॉक्टरीणबाईंनी
तिला कुशीवर निजवलं,
आणि अंगठ्यानं गुडघ्याची वाटी
हलकेच आतल्या अंगाला ढकलली.
सरकली.
तिथंच बसून राहिली.
पाय सरळ ताणला, तेव्हा परत जागेवर.
'दुसरी पायरी,' बाई म्हणाल्या.
'लहान चणीच्या कुत्र्यांत असतं हे.
वाटी जिच्यात धावते ती खाच उथळ.
बहुतेक आईबापांकडूनच आलेलं.'
मी म्हणालो, म्हणजे चेन उतरते तसं.
बाई वर बघून म्हणाल्या, तसंच.

आता चेनचं मला विचारा.
चाळीस वर्षं मी सायकली उलट्या करून बसलोय.
चेन उतरते, कारण ती ढिली पडली,
नाहीतर दात झिजले,
नाहीतर मागचं चाक तिरकं.
पाना लावायचा, चाक ओढायचं, नट आवळायचा,
पायडल हातानं फिरवून
कान देऊन ऐकायचं.
त्या रात्री माझे अंगठे शिवशिवत होते.
फुनकी पोटाशी झोपलेली,
चिमटीत तिचा गुडघा,
वाटी म्हणजे वाटाण्याची डाळ.
आवळायला नट कुठेच नाही.

'तुम्ही दाबून बसवू नका,' बाईंनी बजावलं होतं.
'वजन वाढू द्यायचं नाही.
गुळगुळीत फरशीवर पळवायचं नाही.
खाटेवरून उडी नाही, ओट्यावरून नाही.
गळ्याला दोरी नको, छातीपट्टा आणा.
रोज थोडं चालवा, सावकाश, मग जरा चढाला.
मांडी भरली की तीच वाटीला धरून ठेवेल.
पाय वर धरूनच राहिली, तर लगेच या,
तेव्हा ऑपरेशनचं बोलू.
आणि हिची पिल्लं काढायची नाहीत.'

फरशी सुनेनं गेल्या दिवाळीत घातलेली,
कुंकू लावताना वाकून बघावं इतकी चकचकीत.
मी ट्रकच्या जुन्या ट्यूबा उभ्या चिरल्या,
धुतल्या, वाळवल्या, दारापासून चुलीपर्यंत अंथरल्या.
सून काही बोलली नाही,
फक्त एक पट्टी उचलून परत सरळ लावली.
व्याही शिरपूरहून आले, उंबऱ्यातच थांबले:
'हाई घर शे का पंक्चरनं दुकान?'
ओट्याला फळी टेकवली, फळीवर पोतं ठोकलं.
वजनाला कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा काटा.
पंधरा दिवसांत पाव किलो वाढलेली निघाली.
शेवभाजीतली शेव तिला कोण घालतं,
याचा घरात तपास झाला.
मीच सापडलो.

आता रोज सकाळी, ऊन चढायच्या आत,
पांझरेच्या काठाचा चढ. जाऊन येऊन दहा मिनिटं.
ती पुढे, मी मागे, दोरी ढिली.
माझे डोळे त्या एका पायावर,
आणि वाटेत कुणी रामराम घातला
तर मोजणी चुकते.
दुकानाच्या फळ्यावर, उधारीच्या खाली,
खडूनं रोजच्या लंगड्या लिहितो.
सोमवार नऊ.
मंगळवार सहा.
बुधवारी शेजारच्या हळदीत फटाके फुटले, ती घाबरून
खाटेवर चढली आणि उतरली: चौदा.
त्यानंतर चार दिवस चार-चार.
गिऱ्हाईक विचारतं, काका, हे कुणाचं येणं?
मी म्हणतो, घरचंच आहे, बसा, चेन बघू.

आज दोन.
त्यातली एक मी पाहिली नाही,
सुनेनं सांगितली.