भिकार-सावकार

पहाटे पावणेपाचला मी ओशिवऱ्याहून निघतो.
खिशात एक लाख दहा हजार,
शर्टाला दुसऱ्यांच्या सिगारेटचा वास.
रिक्षावाला विचारतो, नाइट शिफ्ट का?
मी म्हणतो, हो.
सात वर्षं हेच उत्तर चाललंय.

बाबा विम्याचे एजंट होते.
कन्नमवार नगरातल्या एकशे बारा घरांची मरणं
त्यांच्या डायरीत, हप्त्यांच्या तारखांसकट.
एकदा भांडणात मी म्हणालो होतो,
तुम्हीही पैजच लावता की, फक्त टाय घालून.
ते हसले. मग बराच वेळ हसले नाहीत.
बेलोसे वारले तेव्हा चेक घेऊन ते स्वतः गेले,
दाराबाहेर चपला काढल्या,
चहाला नको म्हणाले,
आणि काकूंना सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं.

मी चेक घेऊन कुणाकडे जात नाही.
मी घेऊन येतो.

आकडे हवेत तर आहेत.
तासाला अकराशे चाळीस, सरासरी,
तो भयंकर मार्च धरून.
वहीत सगळं आहे: कधी बसलो, कधी उठलो,
कुठे रागाने खेळलो. त्यापुढे लाल फुली.
लोकांना वाटतं मी एक्के घेऊन जन्माला आलो.
अहो, दहातले आठ डाव मी खेळतच नाही.
बदामची राणी हातात येते, सुंदर,
आणि मी तिला पालथी सरकवून देतो.
माझा पगार हा असा, न खेळल्याचा.

हेरंबचा ठाण्यात फ्लॅट आहे, वीस वर्षांच्या हप्त्यांवर.
तो म्हणतो, तुझं बरंय, डोक्यावर बॉस नाही.
मी म्हणतो, तुझं बरंय, एक तारखेला एक तारीख असते.
दोघेही खरं बोलतो
आणि बिल अर्धं अर्धं करतो.
आई लग्नांतून सांगते, तो कॉम्प्युटरवर असतो.

सावियोचं सांगायचं राहिलं.
आय. सी. कॉलनीत केटरिंगचा धंदा, हात मोठा, हसणं मोठं.
त्या रात्री तो किलवरच्या फ्लशवर थांबला होता.
मला कळलं, कारण तो बोलायचा थांबला.
मी वाढवत नेलं. पान आलं नाही.
ते पैसे कुणाच्या तरी रिसेप्शनचा अ‍ॅडव्हान्स होते,
हे तो जिन्यात म्हणाला, सहज, घड्याळ लावत.
मग, रिक्षापुरते दोनशे देतोस?

दिले.
मी घेतलेले परत दिले नाहीत, दोनशे दिले.
नियमाप्रमाणे मी काहीच चुकलो नव्हतो,
हे मी त्या आठवड्यात बऱ्याचदा तपासून पाहिलं.
गुरुवारी पाकीट आलं, आत दोनशेची नोट,
वर माझं नाव, स्पेलिंग चुकलेलं.
ती नोट मी अजून मोडलेली नाही.
कुठल्या रकान्यात लिहायची, कळत नाही.

यशाची व्याख्या कुणी विचारली की
मी पूर्वी झटकन सांगायचो:
माझा वेळ माझा.
आता वेळ माझा आहे,
आणि दुपारी तीनला, पडदे ओढून,
मी त्याच्याकडे बघत बसतो.

परवा बहिणीचा मुलगा पत्ते घेऊन आला.
अद्वय, सहा वर्षांचा, पुढचे दात पडलेले.
लहानपणी डाव संपला की बाबा पानं गोळा करत, मोजत,
रबरबँड लावत म्हणत,
बावन्न भरली ना? मग कुणी काही हरलं नाही.

मामा, भिकार-सावकार येतं तुला?
येतं म्हणालो.
पालथा गठ्ठा हातात घेतला, हलका, अर्धा,
आणि वरचं पान अंगठ्याने किंचित उचललं, सवयीने.
तो ओरडला, बघायचं नाही!
आणि नको असलं तर?
नको असं नसतं, तो म्हणाला. टाक.