एक काना कमी

सदरच्या टॉकीजात नातीनं नेलं सिनेमाला.
मे महिना, कूलरमधला ओला वाळा नाकात.
पडद्यावर मंत्री, काळ्या काचांच्या गाड्या,
एक फाइल आणि तिच्यापायी सात खून.
शेवटी गोदामात फाइल जळते,
मागे ढोल, ढोल, ढोल.

इंटरव्हलमध्ये रेवती म्हणाली,
"आबाजी, तुम्ही काहीच बोलून नाही राहिले."
समोसा ज्या कागदात होता
तो वाचत होतो. सवय.

चुकलंच त्या लोकांचं.
फाइल जाळायची नसते, राख सापडते.
फाइल नीट टाचायची, पानांना आकडे घालायचे
आणि ठेवायची अशा कपाटात
जिथून कोणीही मागू शकतो.

डिसेंबर होता. अधिवेशनाची थंडी,
विणकरांचा मोर्चा बांबूंपाशी अडवलेला.
त्यातला एक पोरगा रात्री चौकीत आणला,
पहाटे तो चौकीमागच्या फरशीवर होता.
नाव मोरेश्वर. आडनाव निनावे.
आमच्याच बाजूचं आडनाव.
साहेब हसले त्या आडनावाला.
मीही, थोडंसं.

रेमिंग्टनवर मराठी कशी उठायची
आता कोणाला ठाऊक?
तिथे प अर्धाच असतो.
एक काना ठोकला की प पुरा होतो,
दोन ठोकले की पा.
शिपायानं सांगितलं तसं मी लिहिलं होतं:
तिघांनी धरून गच्चीवरून पाडला.
साहेबांनी बशीत चहा ओतता ओतता वाचलं.
"सोनकुसरे, शुद्धलेखन पाहा जरा."

मी दुसरा कागद चढवला.
तिघे गेले. धरून गेलं.
आणि अर्ध्या प नंतर
उजव्या हाताचं मधलं बोट एकदाच पडलं.
गच्चीवरून पडला.
एक ठोका कमी.
त्या खोलीत तेवढाच एक आवाज झाला नाही.

सिनेमात कार्बन खरं सांभाळतो,
हिरो तो उजेडात धरतो, कोर्ट उभं राहतं.
माझ्या कार्बनवर मी पुढे पंधरा दिवस काम केलं:
सायकलचोरी, हरवलेली म्हैस,
नळावरचं भांडण, पुन्हा सायकलचोरी.
उजेडात धरला असता तर चाळणी.

संक्रांतीनंतर त्याची बहीण आली.
वाचता येत नव्हतं. म्हणाली, वाचून दाखवा.
वाचलं.
"पडला?"
"पडला."
"मंग मनगटाले वळ कायचे होते?"
मी चश्मा पुसला.
तिनं नकलेचे पैसे मोजून टेबलावर ठेवले,
पावती मागितली.
दिली. बिनचूक.

सिनेमात कोण जिंकलं, लक्षात नाही.
रात्री अलमारीवरून यंत्र उतरवलं.
फीत वाळलेली, शाई उमटत नाही,
कागदाला नुसता खड्डा पडतो.
कान्याच्या कळीवरचं चिन्ह कधीच झिजलं,
पण बोटाला जागा माहीत.
ठोकत राहिलो. ओळ संपत आली की
घंटी अजून वाजते.

सकाळी रेवतीनं कागद खिडकीत तिरपा धरला.
पानभर उभे वळ,
कोणत्याच अक्षराला न लागलेले.
"आबाजी, काय लिहून राहिले होते रातभर?"

बस, म्हणालो.
आणि अर्ध्या प पासून सुरुवात केली.