स्पंज माझ्याकडे

फेब्रुवारी. टार्टूची नदी गोठलेली,
तळघरातला नळ तेवढा वाहता.
हेल्यू दगड घासते आहे.
दगडावर दगड, मध्ये पाणी, कुरुंदाची पूड
आणि तिचा उजवा खांदा,
ज्याला डॉक्टरांनी मार्चपर्यंत सुट्टी सांगितली आहे.
एक वळसा उजवा, एक डावा.
दुधाळ गाळ कोपरापर्यंत ओघळतो.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात.
हा दगड काळा नाही, शिळ्या ताकाच्या रंगाचा.
याच्यावरची रेघ तीस कागदांपुरती.
मग पुन्हा पाणी, पुन्हा पूड.
मागच्या हिवाळ्यात तिची बहीण होती या दगडावर,
आता मोरीच्या जाळीत असेल.

मंगळवारी ती ओळखपत्राच्या कचेरीत गेली होती.
काचेवर बोट ठेवलं. यंत्र म्हणालं, पुन्हा.
दुसरं बोट. पुन्हा.
दहाही झाली.
खिडकीपलीकडची मुलगी अवघडून म्हणाली,
जरा क्रीम लावून या,
नाहीतर आम्ही लिहितो, ठसे उपलब्ध नाहीत.
बेचाळीस वर्षं ठसे काढून पोट भरलं, हेल्यू म्हणाली,
आणि चहात तिसरा चमचा साखर घातली.

खडूत चरबी, साबण, काजळी.
चरबी कुठल्या जनावराची, ते डबीवर लिहिलेलं नाही.
तिने काढले बर्फात भोकं पाडून बसलेले मासेवाले,
सगळे पाठमोरे, टोप्या कानांवर.
दगडाला हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम.
दगडाला चित्र कळत नाही, तेल कळतं.
कपाळावरचा घाम, पावावरचं लोणी,
सगळं त्याला सारखंच.

मग डिंक. डिंकात आम्लाचे मोजून थेंब.
मग रोलर तिचा, स्पंज माझा.
मी ओलं करायचं, तिने काळं करायचं,
मध्ये क्षणभर उसंत, तेवढ्यात दगड सुकतो.
चाक फिरवताना ती कंबर आधी लावते, हात नंतर.
खांदा कुरकुरतो की यंत्र,
मी विचारत नाही.

तिसऱ्या कागदावर, उजव्या कोपऱ्यात,
जिथे नुसता बर्फ होता, तिथे काहीतरी उमटलं.
तळहाताची कड. तिच्या वर तीन लंबगोल,
राखाडी, गुळगुळीत, सोललेल्या बदामासारखे,
आत एकही रेघ नाही.
डावीकडचं उजवीकडे येतं इथे.
मी दगडाच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं.
खडू हातात घेऊन रात्री ती तिथेच वाकली असणार,
खांद्याला टेकू हवा म्हणून.

चाकूने खरवडून निघेल, मी म्हणालो.
तिने कागद दिव्याखाली धरला. चष्मा वर. चष्मा खाली.
मासेवाल्यांच्या पाठी, त्यांची भोकं,
आणि अलीकडे आणखी तीन,
ज्यांच्यापाशी कोणी बसलेलं नाही.

सहीची जागा गेली की रे, ती म्हणाली.
पेन्सिल होती तशीच कानामागे राहिली.
नंतर माझ्याकडे न बघता:
स्पंज.
सुकतोय.