दहा अंश

सरोवराचं पाणी अजून सहा अंशांवर,
वरची हवा उणे पंधरा.
एवढं पुरतं. बाकीचं वारा ठरवतो.
थेट पश्चिमेचा आला की बर्फाचा पट्टा रेडफील्डवर,
दहा अंश वायव्येला कलला
की खाली, ओस्वेगोच्या बाजूला.
नकाशावर दहा अंश म्हणजे
माझ्या पेन्सिलीच्या टोकाची जाडी.

मी टोक ओस्वेगोवर टेकवलं.
रेडफील्डसमोर लिहिलं: दोन ते चार इंच.

पहाटे चारला अर्डिथ झेरचा फोन.
वय एक्याऐंशी. परसात पांढरी रंगवलेली फळी,
दर सहा तासांनी मोजायची, पुसायची,
पुन्हा कोरी मांडायची.

"एकोणीस."

नक्की? वाऱ्यानं ढीग तर नाही ना साचला?

"पोरा, फळी शोधायला फावडं लागलं मला.
आणि गंमत ऐक,
खालच्या वळणावर, मोझरांच्या गोठ्यापाशी,
चांदण्या दिसताहेत."

मी चौकटीतला आकडा खोडला.
खोडताना कागद जरा फाटला.

"आता ओसरेल," मी म्हणालो.
"हं," ती म्हणाली. "संध्याकाळीही ओसरतच होतं."
मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज,
दार, बूट,
आणि बराच वेळ
फळीवरून फिरणारा झाडू.
ती फोन ठेवायला विसरली होती.
मीही ठेवला नाही.

सातला बाहेर पडलो.
बफेलोत कोरडं ऊन. गाडीच्या काचेवर
एक कणसुद्धा नाही.
तरी सवयीनं
बाहीनं काच पुसली.